चिखलीच्या दवाखान्यात मूल रडत नाही

वऱ्हाडातून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय हो, तिकडचं ऊन सोसलं का? तिखट सोसलं का?" दोन्ही सोसलं. कार्तिक सरत आला होता, त्यामुळे ऊन फारसं नव्हतंच. तिखटाने मात्र पहिल्याच जेवणात डोळ्यांतून पाणी काढलं. जे सोसलं नाही ते निराळंच आहे. ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी पुण्याला मुलांच्या एका दवाखान्यात मेट्रन आहे. आमच्या कमिटीचे अध्यक्ष कसल्याशा कामाने मध्यप्रांत-वऱ्हाडात फिरून आले आणि आल्या आल्या त्यांनी मला बोलावून घेतलं. "बुलढाणा जिल्ह्यात चिखली म्हणून गाव आहे," ते म्हणाले, "तिथल्या मुलांच्या दवाखान्यात मी सबंध राउंडभर उभा होतो. एक मूल रडलं नाही. आपल्याकडे जिन्यापासून गलका ऐकू येतो. जरा जाऊन बघून या, तिथल्या मेट्रनबाई करतात तरी काय."

आता मला काहीही चालतं, पण कोणाशी तुलना केलेली चालत नाही. निम्मी शिकायला आणि निम्मी खोड काढायला म्हणून मी निघाले. तिथल्या एका मोठ्या जमीनदाराने पैसा घालून चिखलीला मुख्य दवाखाना काढलेला आणि मेहकर व वडनेर भोलजी इथे त्याच्या दोन लहान शाखा. तिन्ही ठिकाणच्या नर्सांवर एकच मेट्रन, वेणूबाई. एवढी माहिती घेऊन मी गाडीत बसले.

वडनेर भोलजी

नांदुऱ्याला उतरले आणि रेंगीत बसले. रेंगी म्हणजे दोन माणसांपुरती हलकी बैलगाडी, जिच्यात बसल्यावर आपली हाडं किती ते नीट कळतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. बायका ओळीने वेचत होत्या आणि बांधावरच्या बाभळींना लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या होत्या. त्यांत पोरं निजलेली. गाडीचा खडखडाट झाला, कुत्री भुंकली, तरी एकही जागं झालं नाही. मी मनात म्हटलं, काय गुणी लेकरं आहेत या मुलखाची.

वडनेरचा दवाखाना म्हणजे चुन्याने रंगवलेल्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. तिथल्या नर्स सीताबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझं स्वागत करण्याआधी माझ्या हातांवर पाणी घातलं, साबण दिला, आणि मगच नमस्कार केला. हे मला आवडलं. आत गेले आणि थबकले. प्रत्येक खाटेशी खाली एक बाई बसलेली. कोणी भाकर खात होती, कोणी पोराचं डोकं चोळत होती.

"या कोण?" मी विचारलं.

"माया आहेत लेकरायच्या," सीताबाई म्हणाल्या, हे काय विचारायचं, अशा सुरात.

आमच्याकडे आईला संध्याकाळी भेटीच्या वेळी सोडतात आणि घंटा झाली की बाहेर काढतात. आया आल्या की जंतू येतात, पोरं हट्ट करतात, असं मी शिकले आणि तेच शिकवत आले. ओल्या लुगड्याची, लसणीच्या वासाची आई खाटेशी पाहून मला खरोखर धक्का बसला. तसं मी बोलूनही दाखवलं.

"मोठ्या बाईनं, वेणूबाईनं, भांडून घेतलं हे," सीताबाई शांतपणे म्हणाल्या. "माय जोळ असली म्हणजे लेकरू दूध पेते, औषध घेते. पहिले आमी लेकरू ठेवून घेत होतो तं लोक इकडे येतच नव्हते. घरीच मरू देत."

खोली स्वच्छ होती, पाणी उकळलेलं होतं, पोरांच्या अंगावर मांस होतं, आणि सगळीकडे कशी निवांत शांतता. दुपारी त्यांनी मला ज्वारीची भाकर आणि चून वाढलं. आपण ज्याला पिठलं म्हणतो त्याचा हा वऱ्हाडी भाऊ, पण स्वभावाने फार तापट. वर मिरचीचा ठेचा. माझी अवस्था बघून एक आई ताक घेऊन आली आणि पदरात तोंड लपवून हसली.

चिखली

मलकापुराहून सर्व्हिस मोटर घाट चढते. आमच्या मोटरीला ते मान्य नव्हतं. राजूरच्या घाटात तिने वाफ सोडली आणि बसून राहिली. उतारूंनी ढकलली, मीही ढकलली, आणि शेजारच्या कापसाच्या दलालाने माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे बघून फार हळहळ केली. बुलढाण्यावरून चिखलीला पोचले तेव्हा मी सरकी काढायच्या जिनिंगमधून काढल्यासारखी दिसत होते.

वेणूबाई माझ्याहून वयाने थोड्या मोठ्या. याच गावच्या, लहानपणी विधवा झालेल्या, नागपूरला नर्सिंग शिकलेल्या. माझ्याशी शुद्ध बोलायच्या आणि वॉर्डात शिरल्या की जीभ बदलायची. मी त्यांना प्रश्न विचारायला गेले होते, पण पहिला तासभर त्यांनीच मला विचारलं. तुमच्याकडे गोवराची मुलं वेगळी ठेवता का, नवी शिकाऊ नर्स घाबरली तर तिला काय सांगता, डॉक्टर चुकला तर बोलता का.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या नर्सांना सतरंजीवर बसवलं. रोज बसतात. प्रत्येकीने आज आपली काय चूक झाली ते सांगायचं आणि पहिली पाळी वेणूबाईंची. "मी सकाळी त्या फणफणलेल्या पोरीचं अंग पुसायला उशीर केला," त्या सहज म्हणाल्या. माझा विश्वास बसेना. मेट्रनने कालच्या पोरींसमोर आपली चूक सांगायची? पुण्याला असं केलं तर दुसऱ्या दिवशी माझा शब्द कोणी ऐकणार नाही. इथे तर त्यांचा शब्द खाली पडत नव्हता.

मग मी मुद्द्यावर आले. "मुलं रडत कशी नाहीत?"

वेणूबाई खुशीत हसल्या. "आयांना राहू द्यायचं म्हटल्यावर दवाखान्याच्या मालकांनी, त्या जमीनदारांनी, एकच अट घातली. गलका नको. राउंडला डॉक्टरांना छातीतलं ऐकू आलं पाहिजे. मी बायकांना सांगितलं, बायांनो, लेकरं रडली तर तुम्हा सगळ्यांना फाटकाबाहेर काढतील. बायका शहाण्या आहेत. तेव्हापासून राउंडला चिडीचूप. मग हेच वडनेरला आणि मेहकरला सांगितलं."

"आणि गोळी?" माझ्या तोंडून निघालं. गिरणीतल्या बायकांची अफू घातलेली पोरं मी मुंबईला शिकत असताना पाहिली होती.

"ती तर इथे घरोघर. वेचणीला जाताना मोहरीएवढी दिली की झोळीत निजून राहतं. ठेक्याच्या दुकानात राजरोस मिळते. आम्ही दारातच कनवट तपासून काढून घेतो."

म्हणजे बाभळीवरची ती गुणी लेकरं अशी गुणी होती. पण निदान या फाटकाच्या आत तो प्रकार नाही, या विचाराने मी जेवले आणि झोपले.

चिखली, राउंड

सकाळी मागच्या पडवीत एक सुरेख देखावा पाहिला. सगळ्या आया गोल करून बसलेल्या, प्रत्येकीपुढे सहाण. वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून बाळांची गुटी चालली होती. आपल्याकडेही घरोघर देतात, तसंच. वेणूबाई म्हणाल्या, "गुटीला मी हरकत घेत नाही. निरुपद्रवी आहे आणि बायकांना बरं वाटतं." मलाही बरं वाटलं. हे पुण्याला नेता येईल का, असाही विचार आला.

मग डॉक्टर आले. खाटेमागून खाट, नळी लावायची, ऐकायचं, मान डोलवायची. कुठे हूं नाही की चूं नाही. मी मागे चालले होते आणि अध्यक्षांचं म्हणणं मुकाट्याने गिळत होते. शेवटच्या खाटेवर रुखमा नावाच्या बाईचा मुलगा होता, अजून वर्षाचाही नसेल. न्यूमोनियातून नुकता उठत होता. कालपर्यंत खोकून हैराण, आज गाढ झोपलेला. "आराम पडला," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला वळले.

मी का वाकले ते सांगता येणार नाही. ते झोपणं मला आवडलं नाही. छाती हलायची, मग थांबायची, आणि इतका वेळ थांबायची की मीच श्वास ओढायचे. मी त्याची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"अफू," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही.

डॉक्टर म्हणाले, "इथे कशी येईल?" वेणूबाईंनी मात्र विचारलं नाही. त्यांनी दुसरी पापणी उचलली आणि परमँगनेटचं जांभळं पाणी आणायला सांगितलं. पोट धुतलं. डॉक्टर घराकडे धावले, कारण चिखलीत कॉफी फक्त त्यांच्याच घरी होती. ती काळीकुट्ट करून आणली. मूल निजता कामा नये. ओल्या फडक्याने तळपायांवर मारायचं, उभं धरायचं, हलवायचं, फिरवायचं. मी थकले की नर्स, नर्स थकली की डॉक्टर. पोरगा डोळे उघडायचा, परत मिटायचा. रडायचा मात्र नाही. मी आयुष्यभर रडणारी पोरं गप्प केली. त्या दिवशी एका पोराने रडावं म्हणून त्याला मारत होते आणि माझे स्वतःचे गाल भिजले होते.

रुखमा भिंतीला चिकटून बसली होती. वेणूबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "रुखमे, मी रागावून नाही राह्यली. काय देलं त्याले?"

"गुटीत गोळी उगाळली," रुखमा म्हणाली. "दोन."

"दोन काऊन?"

"काल तो राउंडले खोकलला, तं डाक्तर साहेबानं मांघं वळून पाह्यलं. मले वाटलं आता मले बाहीर काढतीन. मी बाहीर गेली तं याच्याजोळ कोन राहीन, बाई?"

वेणूबाईंनी वळून बाकीच्या आयांकडे पाहिलं. सगळ्या उभ्या होत्या, आपापली पोरं छातीशी धरून. "मी कोनाले बाहीर काढनार नाई," त्या म्हणाल्या. "माह्या गळ्याची आन. कोनी कोनी गोळी देल्ली?"

मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या आजीने हात वर केला. तिची सून बाळंतपणात गेली होती आणि नातीला घेऊन तीच राहत होती. तिच्यामागून दुसरीने. मग एकेक करत सगळ्यांनी. मी आजवर पुष्कळ पाहिलं आहे. कॉलऱ्याची साथ पाहिली, जळलेली मुलं पाहिली. पण ते वर झालेले हात बघून मी खाटेची दांडी धरली.

"दारात तपासतो ना आम्ही?" एक नर्स रडकुंडीला येऊन म्हणाली.

"जायफळाच्या पुडीत राहाते," आजी म्हणाली. तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, उलट जरा तक्रारच होती. "बाई, तुमीच तं म्हणलं होतं, रडू देऊ नोका. आमी नाई रडू देलं. आता काऊन इचारता?"

वेणूबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. त्या म्हणाल्या, "हो आजी. म्याच म्हणलं होतं." आणि मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजची चूक माही आहे. तुमच्या कोनाचीच नाई."

दिवस कलताना रुखमाच्या मुलाने पहिल्यांदा नीट डोळे उघडले आणि दूध ओढलं. श्वास सुधारला. पण आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, "छाती आधीच दुबळी. रडला, खोकला, तर कफ सुटेल. नाहीतर सांगता येत नाही."

मेहकर

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटरीने आम्ही दोघी मेहकरला निघालो. वडनेरला वेणूबाईंनी माणूस पाठवला होता. रस्त्यात मी सांत्वन करायला म्हणून काहीतरी बोलले, तर त्या म्हणाल्या, "मी बरी गोष्ट तीन गावांत पोचवली ना, तिच्याबरोबर ही धाकाची पण पोचली. बरी गोष्ट शिकवायला मला दोन वर्षं लागली. ही एका वाक्यात पोचली." मला वडनेरची ती निवांत शांतता आठवली.

मेहकरला बालाजीचं जुनं देऊळ आहे, फार देखणं, असं सगळे सांगतात. मी ते पाहिलं नाही. मोटर थांबली तिथून सरळ दवाखान्यात गेलो. तिथली नर्स शेवंता तरुण, चुणचुणीत, वेणूबाईंचीच शिष्या. वॉर्ड आरशासारखा. मुलं निजलेली. वेणूबाईंनी खाटेवर वाकून पापण्या उघडल्या, एक, दुसरी, तिसरी. मग शेवंताकडे पाहिलं.

शेवंताने मान खाली घातली नाही. "मले माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "बंद केली असती तं लेकरं रडली असती, माया गेल्या असत्या. म्हणून मी म्हणलं, अर्धीच द्या. मी सोता मोजून देऊन राह्यली होती."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. शिकलेली नर्स, आपल्या हाताने अफू देते? माझा संताप अनावर झाला. "तुमच्या संध्याकाळच्या सतरंजीवर तुम्ही चुका सांगता ना?" मी ओरडले. "चिखलीला जाता तेव्हा ही का नाही सांगितली?"

"थे चूक वाटली असती तं सांगतली असती," शेवंता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मोठ्या बाई सगळ्यायले सांगत, मेहकरचा वार्ड पाहा, किती शांत. मले लई बरं वाटे."

वेणूबाईंनी तिला जवळ घेतलं. मी घेतलं नसतं. मी तिला त्याच क्षणी घरी पाठवलं असतं, आणि आजही मला नक्की ठरवता येत नाही की बरोबर कोण. पण त्या दुपारी शेवंताने स्वतः प्रत्येक आईपाशी बसून गोळ्या मागून घेतल्या आणि कोणी मागं ठेवली नाही. मी असते तर आयांनी मला निम्म्याच दिल्या असत्या, हे मला कबूल आहे.

चिखली, मालकांची फेरी

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मालक दवाखान्यात येतात. मोठा फेटा, काठी, मागे दिवाणजी. गोळ्या राउंडच्याच दिवशी काढून घेतल्या होत्या, आणि आदल्या संध्याकाळी मेहकरहून परतल्यावर वेणूबाईंनी आयांना बजावलं होतं, सकाळी गुटीही नाही. डॉक्टर अस्वस्थ होते. "मालक आयांना बाहेर काढतील," ते मला हळूच म्हणाले. "मग पूर्वीसारखं होईल. लोक पोरं आणणार नाहीत. दोन दिवस थांबता आलं नसतं का?" खोटं बोलत नव्हते ते.

मालक आत आले आणि वॉर्ड पेटला. सवयीची गोळी अचानक बंद झालेली पोरं जशी रडतात तशी, लाल होऊन, पाय झाडत, एकाचं ऐकून दुसरं. मालक दारातच उभे राहिले.

"हे काय होऊन राह्यलं, बाई?"

"लेकरं रडून राह्यली, मालक," वेणूबाई म्हणाल्या. "आजवर रडत नव्हती, कारन माया त्यायले अफू देत होत्या. तुमची अट मी त्यायले सांगतली. त्यायनं पाळली. एक लेकरू परवा जाता जाता राह्यलं. अट तुमची असंन, पन तिच्यासाठी धाक म्या घातला. कोनाले बाहीर काढायचं असंन तं मले काढा. माया राहतीन."

मालकांनी काठी जमिनीवर टेकली. आया त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि पोरं त्यांच्या हातांत तडफडत होती. मालक सावकाश चालत खाटांमधून निघाले, डॉक्टर एकेका मुलाचं हळू आवाजात सांगत मागे, आम्ही त्यांच्या मागे. शेवटच्या खाटेपाशी ते थांबले. रुखमा उठून उभी राहिली. मूल तिच्या खांद्यावर होतं, डोळे उघडे, परवापासून तसंच मुकं.

त्याने मालकांचा फेटा पाहिला असावा, किंवा त्या गलक्याने दचकला असावा. त्याने ओठ काढले, एकदा खोकला, आणि भोकाड पसरलं.

रुखमाचा हात आपोआप त्याच्या तोंडावर गेला. मालकांकडे बघत तिने तोंड दाबून धरलं. वेणूबाई पुढे झाल्या, त्यांनी तो हात सोडवला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. मूल रडत राहिलं.

मालकांनी त्या दोन बायकांच्या हातांकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाले, "डाक्तर, तुमी जरा मोठ्यानं बोला. मले ऐकू येऊन नाई राह्यलं."

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सबंध वॉर्डाच्या वर आवाज चढवून पहिल्या खाटेपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.